शिट्टी होऊ दे, मग बघू

"शिट्टी होऊ दे, मग बघू." कोणताही प्रश्न विचारा, माझ्या शेजाऱ्यांचे उत्तर हेच असे, आणि ते देताना उजव्या हाताची तर्जनी कुकरकडे वळलेली असे.

ब्रिस्टलमध्ये त्यांच्या आणि माझ्या घरात एकच सामाईक भिंत होती. ते विमानांच्या इंजिनांच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला जात; त्यांची मुलगी माझ्या शनिवारच्या मराठी वर्गात येई. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या पत्नीचे मोठे ऑपरेशन झाले, आणि तोवर चहापलीकडे ज्यांची मजल गेली नव्हती, त्या गृहस्थांवर स्वयंपाकघर येऊन पडले.

माणूस पाहायचा, तर वाचकांनी आधी त्याचे हात पाहावेत. त्यांची नखे वंगणाने काळवंडलेली. म्हणून डाळ धुण्यापूर्वी ते हात इतके घासत की बोटे लाल होत. कामावरून येताच कोटही न काढता कुकर चढे, मग वॉशिंग मशीन, मग मुलीचा होमवर्क. आरंभी भात करपला, आमटी पाण्यासारखी झाली. भिंतीपलीकडून ऐकू येई:

"बाबा, आजपण आमटी? फिश फिंगर्स करा ना!"

"शिट्टी होऊ दे, मग बघू."

शिट्टी होई, आणि आमटीच मिळे.

त्यांच्या पलीकडच्या इंग्रज आजी पहिल्या शिट्टीला घाबरून दारात आल्या होत्या. पुढे त्याच शिट्टीवर त्या चहाची किटली ठेवू लागल्या.

पत्नी घरी आल्या, पण जेवेनात. दोन घास घेतले की ताट बाजूला. घरी येणारी नर्स स्पष्ट म्हणाली, असेच चालले तर पुन्हा हॉस्पिटलात न्यावे लागेल. "बाबा, आई परत जाणार?" मुलीने विचारले. तर्जनी उचलली गेली. वाक्य मात्र आले नाही.

त्या रविवारी मी लिंबाचे लोणचे घेऊन गेले होते. ताटात मऊ भात, तूप आणि आमटी. पत्नींनी आमटीचा घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"अहो, ही आमटी आहे की बासुंदी? केवढा हा गूळ!"

"चिंचही घातलीय की!"

"कुठे? दाखवा मला. उद्या मी सांगते तशी करा. आणि भात वाढा अजून, नुसती कशी जाईल ही?"

त्यांनी घाईघाईने दोन डाव भात वाढला. "ऐकलंत ना, बाई?" ते मला म्हणाले. "रागावली! छान रागावली!"

मुलगी मँचेस्टरला विद्यापीठात गेल्यावर काही दिवसांनी ती दोघेही तिकडे राहायला निघाली. सामानाची व्हॅन पुढे गेली. कुकर मात्र पत्नी मांडीवर घेऊन मोटारीत बसल्या होत्या. मी खिडकीशी वाकून विचारले, "आता स्वयंपाक कोण करणार?" त्यांचे तोंड उघडण्यापूर्वीच पत्नींनी बोट कुकरकडे दाखवले. "शिट्टी होऊ दे, मग बघू."

संध्याकाळी इंग्रज आजी माझ्या फाटकाशी आल्या. रिकाम्या घराकडे पाहत त्यांनी विचारले, "आज मी चहा केव्हा ठेवायचा?"