कोठडीतला मायाळू माणूस

दुष्काळाच्या त्या वर्षी तेरणा नदीच्या कोरड्या पात्रातून मी भावाचा डबा घेऊन पोलीस ठाण्यात जायची. उन्हानं समोरचं सगळं हलायचं. झाडं, गुरं, ठाण्याची कौलं पाण्यात असल्यासारखी दिसायची. चालता चालता माझा डोळा लागायचा, असं सांगितलं तर कुणाला पटत नाही. न पटू दे.

आमचे आबा, म्हणजे वडील, सोसायटीच्या गोदामाचे राखणदार. वस्तीवर चुली पेटेनात, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं कुलूप काढून ज्वारी वाटली. धाकटा भाऊ पोतं वाहताना सापडला. गोदाम कुणी उघडलं, एवढंच पोलिसांना हवं होतं. त्यांनी मारून पाहिलं, पण तो हूं की चूं करेना. आबांचं नाव निघतं की काय, या धास्तीनं माझा जीव टांगणीला लागलेला.

मग कोठडीत दुसरा एक जण आला. आमच्याकडं डबा एकट्यापुरता न्यायची रीत नाही, म्हणून मी त्याचीही भाकर थापू लागले. तो ती भावापुढं सरकवायचा. "तू खा, लेकरा." भावाचे सुजलेले पाय चेपायचा. भाऊ म्हणाला, "आक्का, लई मायाळू माणूस हाय." मलाही भरून आलं. परतीच्या वाटेवर मी त्या परक्याला मनातल्या मनात घरी बोलावलं, अंगणात बाज टाकून दिली, त्याच्या लेकराबाळांची चौकशीही केली.

पात्राच्या मधोमध पाय थबकले. सरकारी रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन आम्ही सगळे वाळत चाललेलो, आणि रोज आपली भाकर देऊन टाकणारा हा गडी गुबगुबीत कसा? त्याला दुसरं कुणीतरी जेवू घालत होतं. पोलिसांचाच खबऱ्या तो! मेल्यासाठी मी भाकरी थापल्या, याचा संताप आला.

तशीच मागं पळाले. कोठडीत भाऊ एकटाच होता. त्या माणसाला फौजदारानं बोलावून नेलं होतं. गजाला तोंड लावून मी म्हणाले, "त्याच्यापाशी काय बोलू नगं. त्यो त्यांचाच हाय."

भावानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"आबांचं नाव घेतलंस व्हय रं?"

"त्यानं इचारलं, तुझा बाप कसा हाय. आक्का, म्या चुगली न्हाय केली. आपला बाप किती मोठ्या मनाचा, वस्ती उपाशी बघवली न्हाय त्याला, तेवढंच सांगत बसलो."