गार लाकूड

तंजावरात माझं जे काही बरं झालं, ते अप्पांमुळे. हे आधी सांगतो, कारण पुढचं सांगताना धीर सुटतो.

आठवीतून शाळा सोडून मी आटपाडीहून इथं गलाईच्या दुकानात सोनं गाळायला आलो आणि आल्याआल्या तापानं पडलो. तमिळचा एक शब्द येईना. भिंतीपलीकडून कुणी म्हातारा चक्क मराठीत ओरडला, "कोण कण्हते तेथे?" ते अप्पा. त्यांनीच दवाखान्यात नेलं, माझं दुखणं डॉक्टरांना तमिळमध्ये सांगितलं.

त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. मुलांना मराठी समजायची, पण उत्तर तमिळमध्ये यायचं. म्हणून रोज संध्याकाळी मला हाक. "तुझे मराठी भांडल्यासारखे आहे रे," हसत म्हणायचे. "पण बोल. कानास बरे वाटते."

तुम्ही त्यांना पाहिलं असतं, तर गालाला लाकूड लावलेलंच पाहिलं असतं. ते घरी तंबाखूचे पाइप करायचे, स्वतःही ओढायचे. कालव्याकाठच्या पेरूची फांदी कापून आणायची, भाताच्या तुसात पुरायची, अधूनमधून काढून गालाला लावायची. "गार आहे. आत पाणी आहे. थांब." लाकूड गार लागेनासं झालं, की मगच कोरायला घ्यायचं. भोक सायकलच्या तापवलेल्या तारेनं.

"अप्पा, आमच्या भट्टीजवळ ठेवू का? लगेच वाळेल."

"मूर्खा, सोने आहे काय ते? घाई केली की लाकूड फाटते."

एक तुकडा त्यांनी माझ्या वडिलांसाठी ठेवला होता. "मी मराठी, पण महाराष्ट्र पाहिला नाही. माझे लाकूड तरी जाऊ दे आटपाडीस."

मग त्यांच्या तोंडात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत जीभ गेली. तोवर मी तमिळ शिकलो होतो; दवाखान्यात आता मी त्यांच्या वतीनं बोलायचो. नर्सनं विचारलं, "वडील का?" मी हो म्हटलं.

घरी आल्यावर एका दुपारी त्यांनी तो तुकडा मागितला. स्वतःच्या गालाला लावला. त्या गालाला आता काही कळत नव्हतं. मग माझ्या गालाला लावला आणि नुसतं बघत राहिले.

"गार आहे, अप्पा. थांबू या."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. बोट भिंतीकडे केलं, पलीकडच्या आमच्या भट्टीकडे.

तुकडा फाटणार, हे ठाऊक होतं. तरी नेऊन ठेवला. सकाळपर्यंत तुकडा उभा फाटला होता. अप्पांनी भेगेवरून अंगठा फिरवला, तुकडा उशीखाली सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. संध्याकाळी मी भट्टीपुढे स्वतःशीच मराठी बोलतो, आणि मधेच थांबतो. पलीकडून कुणी हसत नाही.

त्याच पेरूची फांदी मी तुसात पुरली आहे. परवा गालाला लावली. गार होती. मला कोरता येईल की नाही, देवाला ठाऊक. पण अप्पा, मी घाई करणार नाही. तुमचं लाकूड एक दिवस आटपाडीला नेईन. त्यात तंबाखू मात्र कुणाला भरू देणार नाही.