सोमजाईच्या वाटेवरची शेड

पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे निघालं की रस्त्याच्या खालच्या अंगाला एक वाडी लागते. वाडीत लग्न असो, बारसं असो नाहीतर तेरावं, चूल पेटायच्या आधी निरोप जातो तो राहीबाई सकपाळकडे. टोप, कढया, पराती, झारे, पिंपं आणि ताटं ती भाड्याने देते. जेवायला किती माणसं बोलावलीत ते यजमान सांगतो, पण किती येतील ते राहीबाई सांगते, आणि चुकतो तो यजमान. "वैनीकडं भांडी दोनशे माणसांची, पण तोंड दोन हजारांचं," असं तिचा धाकटा दीर भिकाजी म्हणायचा. तो हे तिच्या पाठीमागे म्हणायचा, कारण समोर म्हणायची छाती वाडीत कुणाचीच नव्हती.

तिचा नवरा आचारी होता. दर लग्नसराईत हातात चार पैसे आले की तो एखादं भांडं विकत घ्यायचा आणि घरी आल्यावर बायकोची बोलणी खायचा. तो गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता ही बाई सगळं मोडीत घालणार. मोडवाला वास काढत दारापर्यंत आलासुद्धा. राहीबाईने त्याला चहा पाजला, त्याच्या टेम्पोत डोकावली आणि त्याच्याकडचाच एक पितळी हंडा घासाघीस करून आपण विकत घेतला. मोडवाला पुन्हा त्या वाडीत फिरकला नाही.

भांडी ठेवायला मात्र तिने महाडच्या बाजारपेठेत गाळा भाड्याने घेतला होता. गाळा शरदशेठचा. माणूस वाईट नव्हता, तोंडावर गोड होता, पण कुलपाची किल्ली स्वतःकडे ठेवायचा. आपला माल त्याच गाळ्याच्या मागच्या भागात असतो, असं त्याचं म्हणणं. म्हणजे भांडी राहीबाईची, भाडं राहीबाईचं आणि दार उघडणार शेठ. शेठ लेकीकडे पुण्याला गेले की लग्नघरचा टेम्पो गाळ्यासमोर उभा आणि राहीबाई फोन कानाला लावून पायरीवर बसलेली. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचं म्हटलं की तहानही त्याच्याच सवडीने लागावी लागते.

एकवीस सालच्या जुलैत सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. ते ओसरलं तरी गाळ्याचं दार उघडायला शेठ लवकर येऊ शकले नाहीत, आणि उघडलं तेव्हा आतला चिखल सुकून दगड झाला होता. टोपांत चिखल, हंड्यात चिखल, ताटांच्या थप्प्या एकमेकींना चिकटलेल्या. दरडीखाली गाडल्या गेलेल्या तळीये गावाच्या बातमीने सगळा मुलूख सुन्न झाला होता. त्या दुःखापुढे टोप-कढयांचं रडगाणं गायची लाज वाटावी असे ते दिवस. राहीबाई रडली नाही. सूनबाई अंकिताला बरोबर घेऊन तिने एकेक भांडं खरवडून काढलं. पण खरवडता खरवडता तिच्या मनाने घेतलं, की आपल्या वस्तूचं काय झालं हे बघायला दुसऱ्याची वाट बघायची, असं जिणं आता पुरे.

मनाने घेतलं आणि हाताने केलं, यात पैसा नावाचा घाट असतो. तो चढायला तिला दोन लग्नसराया लागल्या. मग तिने शेठला गाळा सोडत असल्याचं सांगितलं. शेठनी माडीवरची खोली देऊ केली, पाणी तिथवर चढत नाही म्हणाले. मुंबईहून मुलाने, शुभमने, फोन केला. "आई, कशाला टेन्शन घेतेस? हायवेला एकदम मस्त गोडाऊन भाड्याने मिळतंय. गाडी डायरेक्ट आत."

"गाडी आत जाईल रे, पण मी भाईर ऱ्हाईन त्येचं काय?" राहीबाई म्हणाली. "भांडी माझ्या नजरंसमोर पायजेत. रातीला उंदीर खुडबुडला तरी मला ऐकू यायला पायजे. घराच्या मागं परसात लोखंडी शेड घालतेय. इचारत नाय, सांगतेय."

पोलादपूरचा मुरारी शेडची कामं करायचा. तो माप घ्यायला आला तेव्हा राहीबाईने त्याला तासभर नुसतं परसात फिरवलं. डोंगराचं पाणी कुठून उतरतं, वारा कुठून घुसतो, फणसाची कुठली फांदी पुढेमागे पत्र्यावर येईल, टेम्पो कुठे वळेल, हे सगळं तिने बोट करकरून दाखवलं. एका बाजूला जुना गोठा, दुसऱ्या बाजूला दगडी बांध, बांधापलीकडे खोल ओढा. गोठा आणि बांध यांच्यामधली मोकळी जागा नेमकी शेडच्या मापाची होती. तिने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी घेतली. मापाच्या फितीचं दुसरं टोक खुद्द भिकाजीने धरलं होतं. भिकाजीचं घर त्याच परसाच्या वरच्या अंगाला, आणि वाडीच्या देवकार्यात त्याचा शब्द अखेरचा.

पावसाआधी शेड उभी राहिली. जमिनीपासून हातभर उंच जोतं, वर कोबा, लोखंडी खांब, निळे पत्रे आणि पुढे शटर. शटरची किल्ली राहीबाईच्या कमरेला. पहिल्या आठवड्यात तिने ते शटर गरज नसताना किती वेळा वर-खाली केलं असेल, याची अंकिताने पुढे कितीतरी दिवस नक्कल करून दाखवली. पावसाळाभर आत थेंब आला नाही. आणि भांड्यांसाठी वाडीवर कोण चढून येणार, असं म्हणणारे खोटे पडले. आजूबाजूच्या गावांचा महाडचा हेलपाटा वाचला, तशी त्यांनी शेडची वाट धरली. आपला हात जगन्नाथ म्हणतात ते राहीबाईला पटलं होतं.

मग शिमगा आला.

त्या वाडीचा शिमगा म्हणजे ग्रामदेवता सोमजाईची पालखी घरोघर फिरणार. घराच्या अंगणात आली की तिची ओटी भरायची, गाऱ्हाणं घालायचं, पोरांनी पालखी खांद्यावर नाचवायची. पण एक नेम तिथला कडक होता. सोमजाई आल्या वाटेने माघारी फिरत नाही. पुढच्या अंगणातून येईल, परसातून निघेल आणि पुढच्या घरी जाईल. राहीबाईच्या अंगणातून ती परसात यायची आणि गोठा व बांध यांच्यामधून वर भिकाजीच्या खळ्यात चढायची. वर्षातून एकदाच, घटकाभर. उरलेलं वर्ष त्या वाटेवर फणसाची पानं पडलेली असत, म्हणून ती वाट आहे हे कुणाच्या ध्यानातही राहत नसे.

पाणी, वारा, टेम्पो, फांदी, सगळ्यांची वाट राहीबाईने मोजली होती. देवीची तेवढी राहिली होती. आणि फीत धरणाऱ्या भिकाजीला, देवस्थानच्या कारभाऱ्यालाही, ती आठवली नव्हती! वाट साफ करायला पोरं कोयते घेऊन आली आणि निळ्या पत्र्यापुढे येऊन थांबली, तेव्हा कुठे सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला.

संध्याकाळी देवळापुढच्या सहाणेवर, पालखी टेकवायच्या ओट्यावर, बैठक बसली. शेडीपायी देवी अडली, हे म्हणायला जो तो पुढे. वर्षभर त्याच शेडीतली ताटं नेऊन जेवलेले लोक हे, पण तोंड कोण धरणार?

"दोनच मार्ग हायत," भिकाजी म्हणाला. स्वतःची चूक ठाऊक असल्यामुळे त्याचा आवाज जरा जास्तच चढला होता. "येक तर शेड उतरवायची. नायतर पालखी खालच्या रस्त्यानं जायाची, वैनींचं घर सोडून."

पालखी सोडून जाते ती सुतकाचं घर, नाहीतर वाळीत टाकलेलं घर. सोमजाईने दार टाळलेल्या बाईकडून शुभकार्याला भांडी कोण नेणार? आणि धंद्याचं जाऊ दे, राहीबाईला स्वतःलाच ते सोसणार नव्हतं. पण शेड उतरवायची म्हणजे पुन्हा कुणाचा तरी गाळा, पुन्हा दुसऱ्याच्या पायरीवर बसणं. तेही सोसणार नव्हतं. राहीबाई बैठकीत गप्प बसलेली लोकांनी पहिल्यांदाच पाहिली. दोन-चार जणांना त्यात समाधानही वाटलं असावं.

त्यांचं समाधान फार टिकलं नाही.

"देवीची वाट माज्याच्यानं अडली, मोकळी बी मीच करनार," ती उठून म्हणाली. "शेडीला पुढून दार हाय, तसं मागनं करते. भांडी दोन्ही अंगाला लावते. सोमजाई शेडीतनं जाईल."

बैठकीत कुजबुज सुरू झाली. भिकाजीने हात वर केला. "वैनी, त्या भांड्यांत मटान शिजतं. त्येच्यातनं देवी न्यायाची?"

"भावजी, देवीच्या जत्रंचा भात कुनाच्या टोपात शिजतो? प्रसादाची खीर कुनाच्या कढईत व्हती? तवा इटाळ नाय झाला, आन् आता आडोशाला उभी केली की झाला?"

भिकाजीने आजूबाजूला पाहिलं. त्याच्या मदतीला कुणी येईना. खीर सगळ्यांनीच वाटी-वाटी खाल्ली होती. शेवटी म्हातारी ठकूबाई, वाडीत वयाने सगळ्यांत मोठी, काठी आपटून म्हणाली, "देवीला इचारूया की रं. पालखी दारात आली की कळंल. गेली तर गेली, अडली तर शेड उतरवायची." पालखी पोरांच्या खांद्यावर असली तरी पाऊल देवीचंच, अशी वाडीची श्रद्धा, म्हणून हे सगळ्यांना मान्य झालं. राहीबाईनेही मान डोलावली. दुसरा इलाजच नव्हता.

मुरारी आला, मागच्या बाजूचे पत्रे खोलले, चौकट बसवली, दोन लोखंडी दारं टांगली. राहीबाईने एकेक भांडं चिंचेने घासलं. अंकिता म्हणाली, "आई, देवीला काय जेवायला वाढायचंय यांच्यात?" तर म्हणे, "तू घास गो." शेडच्या दोन्ही अंगाला टोपांच्या आणि ताटांच्या उतरंडी लागल्या. मधली वाट शेणाने सारवली, वर रांगोळी, दारांना आंब्याचे डहाळे. काम करताना राहीबाईचं तोंड अखंड चालू होतं. भीती वाटली की ती जास्त बोलते, हे फक्त अंकिताला ठाऊक होतं.

पालखी आली ती उन्हं कलताना. ढोल-ताशे, गुलाल, मुंबईहून आलेली पोरं, त्यांत शुभमही. पुढच्या अंगणात अंकिताने ओटी भरली. राहीबाई भिंतीला टेकून उभी राहिली. नवरा गेल्यापासून तिची जागा तीच होती. विधवेने देवीची ओटी भरायची नाही असा तिथला रिवाज, आणि एरवी कुणालाही न ऐकणारी ही बाई या बाबतीत कधी एक शब्द बोलली नव्हती. खणा-नारळाचं ताट आदल्या दिवशी ती स्वतः लावायची, आणि वेळ आली की सुनेच्या हातात द्यायची.

मग पालखी परसाकडे वळली. पुढच्या दांडीला भिकाजी. शटर वर होतं. पालखी शटरपाशी आली आणि डुलायला लागली. पोरांचे पाय एका जागी थिरकायला लागले. एक पाऊल पुढे, एक मागे. ढोल थांबले. राहीबाईने डोळे मिटून घेतले. आये, एवढं ऐक, एवढंच ती मनात म्हणत राहिली.

डोळे उघडले तेव्हा पालखी शेडच्या आत होती.

"सोमजाईच्या नावानं चांगभलं!" पोरं ओरडली. पत्र्याखाली तो आवाज असा घुमला, की टोपांवरची झाकणं वाजली. राहीबाई हसायला लागली. आता मागच्या दारातून पालखी बाहेर पडली की झालं. पण शेडच्या ऐन मध्यावर ती पुन्हा थांबली. भिकाजीने दांडी खांद्यावरून उतरवली आणि पालखी सारवलेल्या जमिनीवर ठेवायला लावली.

"आता काय झालं, भावजी?" राहीबाईने विचारलं.

"नव्या वास्तूत देवी पैल्यांदा आली," भिकाजी घाम पुसत म्हणाला. "मंग ओटी हितं येगळी भरायला लागंल. नेम हाय."

अंकिता धावत घरात गेली आणि ताट घेऊन आली. तांदूळ, नारळ, खण. पदर डोक्यावर घेऊन ती पालखीपुढे वाकणार, तोच भिकाजीने तिला थांबवलं.

"तू नाय गो. ज्येनं वास्तू उभी केली, त्येनं भरायची. असाच नेम हाय." त्याने राहीबाईकडे पाहिलं. "वैनी, शेड कुनाची?"

मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "आरं, पन ती तर..." भिकाजीने मागे वळून पाहिलं आणि तो आवाज तिथेच मिटला. नेमाच्या बाबतीत भिकाजी कुणाच्या बापाला ऐकत नसे, हे वाडीला चांगलं माहीत होतं. ठकूबाई पुटपुटली, "भर गो बाय, देवी किती येळ बसंल?"

दोन हजार माणसांना पुरेल एवढ्या त्या तोंडातून शब्द फुटला नाही. राहीबाईने नकारार्थी मान हलवली, मग होकारार्थी. तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले, आणि इतक्या माणसांपुढे ते पुसायचंही तिला सुचलं नाही. अंकिताने ताट तिच्या हातात दिलं आणि तिचा पदर डोक्यावर नीट घेतला.

"माझी," राहीबाई म्हणाली. "शेड माझी हाय."

आणि गुडघे टेकून तिने सोमजाईची ओटी भरली.