पेटीवाल्यांना आलेला निरोप

या वस्तीत पेटीवाले दोन. एक चर्चमध्ये बाजाची पेटी वाजवतात, दुसरे शवपेट्या बनवतात. ‘त्यांच्या पेटीबद्दल लोक कुरकुर करतात, माझ्या पेटीतून आजवर कुणाची तक्रार आलेली नाही,’ हे दुसऱ्या पेटीवाल्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना ते स्वतः हसत नाहीत. ऐकणाराही जरा जपूनच हसतो.

ही हकीकत या दुसऱ्या पेटीवाल्यांची आहे.

त्यांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एका भिंतीला फळ्या उभ्या केलेल्या, दुसरीला करवती आणि पटाश्या टांगलेल्या, मधे लांब बाक. जमिनीवर कायम भुसा. दाराशी चालू काम ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. रस्त्यानं जाणाऱ्याला पेटी दिसली की तो उगाच घरच्या म्हाताऱ्यांची आठवण काढतो, असं ते म्हणतात. बोलावणं आलं की ते हात धुतात, शर्ट बदलतात, मोजपट्टी खिशात टाकतात आणि त्या घरी जातात. शक्यतो बाजूच्या दारानं. लांबी घ्यायची, खांद्यापाशी रुंदी घ्यायची, घरातल्या कर्त्या माणसाशी दोन शब्द बोलायचे आणि निघायचं. हे सगळं उभ्यानं. त्या घरात त्या वेळी त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचत नाही, आणि त्यांचीही तशी अपेक्षा नसते.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची बायको वारली. दुखणं लांबलेलं होतं, त्यामुळे कुणाला धक्का बसला नाही. पेटी त्यांनीच केली. रंधा मारला, कडा घासल्या, आतून पांढरं सुती कापड लावलं, झाकणावर तिच्या नावाची पितळी पट्टी बसवली. काम नेहमीसारखं नीट झालं, असं सगळे म्हणाले. दोन दिवसांनी ते दुसऱ्या कुणाच्या पेटीला लागले.

फक्त एक गोष्ट झाली नाही. बायको गेली, असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ज्यांना माहीत होतं त्यांना सांगायची गरज नव्हती. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना ते भलतंच सांगत. बाहेरगावचा लाकूडवाला आला आणि वहिनी कशा आहेत म्हणाला, तर हे म्हणाले, ‘बाहेर गेलीय.’ शिलाईयंत्र दुरुस्त करणारा दारात आला, त्यालाही तेच. ही उत्तरं आतल्या खोलीतून त्यांच्या थोरल्या बहिणीनं ऐकली. भावजय गेल्यावर चार दिवसांसाठी म्हणून आलेली ही ताई अजून इथंच होती. तिकडे तिच्या मुलाचं घर तिच्याविना अडलं होतं. सून फोनवर गोड बोलत होती, म्हणजे कंटाळली होती. पण मेलेल्या बायकोला बाहेर गेलीय म्हणणाऱ्या भावाला एकट्याला टाकून कसं जायचं, हे ताईला कळत नव्हतं.

नाताळच्या आदल्या आठवड्यात चर्चमध्ये जाहीर झालं की यंदा एक वेगळी उपासना होणार आहे. ज्यांच्या घरात माणूस गेलं आहे, ज्यांना या दिवसांत तारे लावायचं आणि गाणी म्हणायचं जीवावर येतं, त्यांच्यासाठी. रोषणाई नाही, टाळ्या नाहीत. थोडी वचनं, एक-दोन गीतं, मेणबत्त्या. ताईनं ते घरी येऊन सांगितलं. पेटीवाल्यांनी रंधा थांबवला नाही.

‘तिथं माझं काय काम?’

‘काम असेल तरच देवाच्या दारात जायचं का?’

‘काम असलं की जातोच की मी,’ ते म्हणाले. ताईनं हात टेकले.

उपासनेच्या दिवशी दुपारी फोन आला. चर्चची साफसफाई बघणाऱ्या मावशी नव्या होत्या. उपासना आठवड्याच्या मधल्या वारी असल्यानं बाजाची पेटी वाजवणाऱ्यांना मुद्दाम कळवायला हवं होतं. पाळकसाहेबांनी मावशींना घाईत सांगितलं, ‘संध्याकाळी पेटी हवी, पेटीवाल्यांना निरोप द्या.’ फोनशेजारच्या भिंतीवर नंबर लिहिलेले होते. पेटी वाजवणारे दर रविवारी समोरच असत, त्यांचा नंबर लिहून ठेवायची वेळ कधी आली नव्हती. भिंतीवर ‘पेटीवाले’ या नावापुढे एकच नंबर होता. मावशींनी तो फिरवला आणि निरोप जसाच्या तसा दिला.

‘मोठी की लहान?’ पेटीवाल्यांनी विचारलं.

मावशींना पेट्यांमधलं काही कळत नव्हतं. ‘ते तुम्हीच येऊन बघा,’ त्या म्हणाल्या.

त्यांनी हात धुतले, शर्ट बदलला, मोजपट्टी खिशात टाकली. कोण गेलं, ताईनं विचारलं. ऐन नाताळात कुणाच्या घरी हे आलं म्हणून तिचा जीव खालीवर झाला होता. तिथं गेल्यावर कळेल, असं म्हणून ते निघाले.

चर्चमध्ये ते सवयीनं बाजूच्या दारानं शिरले. आत दिवे मंद होते. माणसं थोडीच होती आणि एकमेकांपासून लांब लांब बसली होती. पेटीवाल्यांना सगळे ओळखत होते, आणि ते बोलावल्याशिवाय येत नाहीत हेही सगळ्यांना माहीत होतं. एकेक मान वळली. पुढच्या बाकावरच्या एका आजोबांनी शेजारच्या आजींकडे नीट निरखून पाहिलं. आजींनी त्यांना कोपर मारलं.

पाळकसाहेब लगबगीनं आले.

‘कोण गेलं?’ पेटीवाल्यांनी हळूच विचारलं.

‘कुणी नाही. का?’

‘मला निरोप होता.’

मावशी मागून आल्या आणि पेटीवाल्यांच्या पाठीमागे डोकावून म्हणाल्या, ‘पेटी कुठाय? आता वाजवणार काय?’

आधी पाळकसाहेबांच्या लक्षात आलं, मग आजोबांच्या. आजोबा हसले. ते हसू बाकांवरून थोडं पुढं सरकलं आणि जिथल्या तिथं विरलं. पाळकसाहेबांनी माफी मागितली. पेटीवाल्यांना त्यात राग येण्यासारखं काही वाटलं नाही. कुणी गेलं नाही हे बरंच झालं, असं म्हणून ते दाराकडे वळले.

दाराजवळच्या शेवटच्या बाकावर शाळेतल्या बाई बसल्या होत्या. मागे त्यांचा मुलगा गेला तेव्हा त्याची पेटी यांनीच केली होती. लहान होती. बाई बाकावर आत सरकल्या.

‘बसा,’ त्या म्हणाल्या.

‘नको. मी कामासाठी आलो होतो.’

‘आमच्याकडे आलात तेव्हा सगळा वेळ उभे होतात. मला तेव्हा सुचलं नाही. आता बसा.’

ते बसले.

पेटीशिवाय पहिलं गीत पाळकसाहेबांनी उचललं, ते फार वरच्या पट्टीत. दुसऱ्या ओळीपर्यंत बायकांचे आवाजही पोचेनात. सगळे थांबले. मग आजींनी खालच्या पट्टीत सुरुवात केली आणि ते गीत कसंबसं, पण शेवटपर्यंत गेलं. वाचन झालं. प्रवचन नव्हतं. पाळकसाहेब एवढंच म्हणाले की ज्याला वाटेल त्यानं पुढं यावं, मेजावर मेणबत्ती लावावी, आणि आपल्या माणसाला घरी जशी हाक मारायचो तशी एकदा मारावी. वाटलं नाही तर बसून राहावं, त्यालाही हरकत नाही.

बराच वेळ कुणी उठलं नाही. मग आजोबा-आजी उठले आणि दोघांनी मिळून एकच मेणबत्ती लावली. ‘बेटा,’ आजोबा म्हणाले. एका तरुण मुलीनं ‘पप्पा’ म्हटलं आणि घाईनं जागेवर परतली. बाई गेल्या, ‘पिल्लू’ म्हणाल्या आणि येऊन पुन्हा शेजारी बसल्या.

पेटीवाले उठतील असं कुणाला वाटलं नव्हतं. ते उठले. मेज गाठेपर्यंत त्यांना एक अडचण लक्षात आली. बायकोचं नाव त्यांनी पितळी पट्टीवर स्वतः ठोकलं होतं, पण एवढ्या वर्षांच्या संसारात त्या नावानं तिला एकदाही हाक मारली नव्हती. मेणबत्ती पेटली. मागे सगळे वाट बघत होते.

‘अगं,’ ते म्हणाले.

आणि थांबले. घरी एवढं म्हटलं की आतून ‘आले’ असं उत्तर यायचं. दुखण्यात उठवेनासं झालं तेव्हासुद्धा ती आधी आले म्हणायची, मग उठता येत नाही हे तिच्या ध्यानात यायचं. ते उभेच राहिले. मग ते परत येऊन बसले, आणि उपासना संपेपर्यंत तळहातांनी गुडघे दाबून बसून राहिले.

घरी आले तेव्हा ताई स्वयंपाकघरात होती. त्यांनी खिशातली मोजपट्टी काढून खिळ्याला लावली.

‘कोण गेलं रे?’ तिनं आतून विचारलं.

ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले.

‘ही गेली, ताई.’

ताईनं गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.