तलावापलीकडच्या गावाचं अंतर

विश्वाच्या संशोधनाला माझा हातभार एकदाच लागला, आणि तोही सायकलवरून. देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती, आमच्या भागात सरकारी विकासकामांचा ब्लॉक नुकता सुरू झाला होता आणि मी सावली नावाच्या गावाजवळच्या एका शाळेत गणित शिकवत होतो. उन्हाळ्याच्या सुटीत शहरातून एक प्राध्यापक आले. ते सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे. आकाशातल्या दीर्घिका एकमेकींपासून दूर चालल्या आहेत, त्यांचं गणित करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. पुढे त्यांना वाटू लागलं, की जे गणित दीर्घिकांना लागू पडतं ते माणसांच्या वस्त्यांनाही लागू पडत असलं पाहिजे. शिवाय दीर्घिकांना जाऊन काही विचारता येत नाही, माणसांना विचारता येतं. विचारायला कुणीतरी हवं होतं. माझ्याकडे सायकल होती.

काम सोपं होतं. अठरा गावं. प्रत्येक गावात पाच जणांना विचारायचं, की बाकीची सतरा गावं इथून किती लांब आहेत. म्हणजे तीनशे सहा रकाने आणि एक हजार पाचशे तीस उत्तरं. नकाशा पाहायचा नाही, स्वतः मोजायचं नाही. लोक सांगतील ते लिहायचं. लोक कोसात सांगत, मी कोसाचे दोन मैल धरत असे. मी प्रत्येक उत्तरापुढे समासात वेळही लिहिली. कुणी सांगितलं नव्हतं, सवय.

टाइप करून घेतलेला तक्ता पाहून प्राध्यापक हरखले. आमच्या शाळेच्या फळ्यावर त्यांनी मला समजावलं, की साध्या भूमितीत इथून तिथे जेवढं तेवढंच तिथून इथे. पण या जंगलात तसं नाही. अमुक गावाहून तमुक गाव एक कोस, आणि तमुक गावाहून अमुक अडीच कोस! "इथलं अवकाशच निराळं आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, "सर, समासातली वेळ बघा. सकाळी आल्या आल्या विचारलं की लोक जवळ सांगतात. संध्याकाळी निघताना विचारलं की लांब सांगतात." ते म्हणाले, "समास टाइप केलेला नाही."

आमच्याकडची रीत त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. उन्हातून चालत आलेल्या माणसाला 'लांबून आलास' असं म्हणत नाहीत. तो आणखी थकतो. 'हे काय, इथीच तर आहे,' म्हणून पाणी देतात. आणि तोच माणूस दिवस कलताना निघाला, की 'लय दूर आहे, मुक्काम करा' म्हणतात. दोन्ही वेळा अंतर तेच असतं. दोन्ही वेळा खोटं बोलतोय असं कुणालाच वाटत नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर विश्वाचं जे व्हायचं ते झालं असतं. पण ब्लॉकच्या साहेबांना एक दवाखाना द्यायचा होता. सावलीच्या दवाखान्यापासून पाच मैल किंवा जास्त लांब असलेल्या एकाच गावाला तो मिळणार होता, आणि साहेबांकडे अंतरं नव्हती. प्राध्यापकांनी आपल्या तक्त्याची एक प्रत त्यांना आनंदाने दिली.

त्या तक्त्यात तलावापलीकडचं गाव सावलीपासून दोन मैलांवर होतं. तलावात मासे धरणाऱ्या, थोडं धान करणाऱ्या लोकांचं गाव. मी तिथे पोचलो तेव्हा भर दुपार होती. पाचही जणांनी मला आधी पाणी दिलं आणि मग सांगितलं, "सावली? कोसभर बी नसन, गुरुजी." सडकेवरच्या एका गावात मात्र माजी मालगुजारांनी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी, मला पाणी न विचारता सात मैल सांगितलं होतं. त्यांना ब्लॉकच्या दवाखान्याची बातमी आधीच लागली असावी.

तलावापलीकडच्या गावात एक म्हातारे भाऊ होते, त्यांचा शब्द सगळं गाव ऐकत असे. आदल्या पावसाळ्यात त्यांच्या सुनेला कळा लागल्या तेव्हा चौघांनी तिला बाजेवर घालून सावलीला नेलं. सून वाचली. मूल वाटेत गेलं. हे मला माहीत होतं, आणि तरी मी माझ्या हाताने त्या गावापुढे 'दोन' लिहिलं होतं.

म्हणून मी मोजायला गेलो. माझ्या सायकलचं चाक अठ्ठावीस इंची. एका फेऱ्यात सात फूट चार इंच. म्हणजे मैलाला सातशे वीस फेरे आणि फर्लांगाला नव्वद. चाकाला तांबडी चिंधी बांधली, सावलीच्या दवाखान्यापासून सायकल हातात धरून चालवली आणि दर नव्वद फेऱ्यांना एक खडा उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकला. गावात पोचलो तेव्हा डाव्या खिशात सेहेचाळीस खडे होते. पाच मैल सहा फर्लांग. सडकेवरचं गावही मोजलं; ते चार मैलांपेक्षा दोनशे फूट कमी भरलं.

भाऊंनी चिंधीकडे पाहून विचारलं, "गुरुजी, त्या प्रोफेसरनं तारे बी असेच मोजले का?"

"नाही भाऊ. ते कागदावर मोजतात."

"मंग त्याईले खडे नाई लागत," असं म्हणून ते हसले. मी त्यांना नीट सांगितलं, की साहेब येतील, अंतर विचारतील, तेव्हा पावणेसहा मैल सांगा. खरं तेवढंच सांगा. भाऊ म्हणाले, "सांगतो ना. खरं सांगाले का जाते?"

मी माझे आकडे घेऊन साहेबांकडे गेलो. साहेब नागपूरकडचे, मनाने वाईट नव्हते. म्हणाले, "गुरुजी, साऱ्या विश्वाचा हिशोब करणारा माणूस दोन मैल म्हणतो, आणि तुम्ही सायकलला चिंधी बांधून पावणेसहा म्हणता. मी कोणाचं ऐकू?" तरी ते स्वतः पाहायला यायला कबूल झाले.

आले ते रेंगीत बसून. रेंगी म्हणजे आमच्याकडची दोन माणसांची हलकी बैलगाडी. सकाळची वेळ, रस्ता झाडीतून, साहेबांना डुलकी लागली. मी आधीच पोचलो होतो. साहेब उतरले, अंग मोडत झाडाखाली बसले. भाऊंनी स्वतः पाण्याचा तांब्या दिला. साहेबांनी विचारलं, "काय भाऊ, सावली किती दूर आहे इथून?"

भाऊंनी साहेबांच्या घामेजल्या कपाळाकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहून डोळे वटारले. भाऊ म्हणाले, "हे काय साहेब, कोसभर तर आहे."

गावातल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. एक म्हणाला, "कोस बी नाई. गप्पा करत गेलं तं समजत बी नाई." साहेबांनी वहीत लिहून घेतलं. मी भाऊंना बाजूला नेलं. "भाऊ, काय सांगायचं ठरलं होतं?" भाऊ खरोखरच ओशाळले. "अजी, तोंडातून निंगून गेलं, गुरुजी. माणूस तापून आला होता. जाताना सांगतो ना बराबर."

जाताना त्यांनी सांगितलं. जेवण झालं, तलाव पाहिला, चार वाजले, साहेब उठले. भाऊ मनापासून हात जोडून म्हणाले, "साहेब, आता कुठी जाता? सावली लय दूर आहे. चार कोस होते. मुक्काम करा." चार कोस म्हणजे आठ मैल. साहेबांनी वही उघडली, मिटली. मग शांतपणे म्हणाले, "सकाळी एक कोस, आता चार? दवाखान्यासाठी वाढवून राह्यले का तुम्ही?"

दोन आणि आठ यांची सरासरी पाच येते, हे माझ्या मनात तेवढ्यात येऊन गेलं. पण तसा दवाखाना मिळवणं माझ्याने झालं नसतं, आणि साहेब सरासरी काढण्याच्या मनःस्थितीतही नव्हते. त्यांनी लिहिलं, की ग्रामस्थांची विधानं परस्परविरोधी आहेत. गाडीवान बैल जुंपू लागला तर त्याला म्हणाले, "राहू दे. कोसभरच आहे ना? पायी जातो." आणि नवे बूट करकरवत निघाले. मी सायकल हातात धरून त्यांच्या मागे निघालो. खडे खिशात होतेच.

पहिला मैल ते तावातावाने चालले. दुसऱ्या मैलात त्यांनी मला प्राध्यापकांबद्दल विचारलं, मी दीर्घिकांबद्दल जेवढं कळलं होतं तेवढं सांगितलं. तिसऱ्यात बोलणं संपलं. बत्तिसावा खडा मी डाव्या खिशात टाकला तेव्हा, म्हणजे बरोबर चार मैलांवर, साहेब एका मोहाच्या झाडाखाली दगडावर बसले आणि त्यांनी बूट काढले. टाचेला फोड आला होता. त्यांनी वर पाहून विचारलं, "गुरुजी, अजून किती?"

माझ्या तोंडून निघालं, "आलंच साहेब. हे काय, इथेच तर आहे."

मी गणिताचा शिक्षक. आकडा माझ्या खिशात होता, चौदा खडे. आणि मीही तेच केलं जे भाऊंनी केलं. साहेब "बरं" म्हणून बूट चढवू लागले. बूट पायात जाईना. मला वाटलं, आता गप्प बसलो तर माणूस सुखाने उठेल. मग बाज आठवली. मी म्हटलं, "चुकलो साहेब. जवळ नाही. अजून एक मैल सहा फर्लांग आहे. चार मैल झाले."

ते माझ्याकडे असं पाहू लागले, जणू मीच तो फोड आणला होता. मग त्यांनी वही काढली, आधीचं वाक्य खोडलं आणि पेन्सिलीने 'पावणेसहा मैल' असं लिहिलं. त्याच्या शेजारी 'प्रत्यक्ष चालून' असंही लिहिलं. माझ्या चिंधीचा उल्लेख नव्हता, तो असायला हवाही नव्हता. राहिलेलं अंतर त्यांनी एक बूट पायात आणि एक हातात घेऊन काटलं.

पावसाळ्यानंतर हुकूम निघाला. तलावापलीकडच्या गावात एक खोली बांधली गेली, कंपाउंडर आला, आठवड्यातून एकदा डॉक्टर येऊ लागले. प्राध्यापकांचा निबंधही पुढे छापून आला आणि त्यांनी आठवणीने मला एक प्रत पाठवली. त्यात ते गाव सावलीपासून दोनच मैलांवर आहे, आणि तिथलं अवकाश निराळं आहे ते आहेच.

दवाखाना कसा मिळाला हे मी भाऊंना सगळं सांगितलं, चार मैलांवरच्या दगडासकट. ते ऐकता ऐकता गंभीर झाले.

"त्याचा पाय फुटला होता, अन् तुमी त्याले तोंडावर अजून पावणेदोन मैल म्हटलं?"

"म्हणून तर दवाखाना आला, भाऊ."

"आला ते बेस झालं. पण असं सांगाचं नसते, गुरुजी. आपल्या गावातून निंगालेला पाहुणा होता तो."

पटवून देण्याचा मी बराच प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाच्या हाती साहेबांकडे सावलीला एक मोठा मासा पाठवला. गुरुजी बोलून गेले, मनावर घेऊ नका, असा निरोपही सोबत होता. साहेबांनी मासा ठेवून घेतला, असं मुलाने परत येऊन सांगितलं.