माशांच्या पेटीवरचं कुंकू

"फुटली की पाणी उताराने सरळ माझ्या देवघरात येणार, आणि पाठोपाठ मासे!"

आत्या हे माजघरात शेजारच्या काकूंना सांगत होती. पण आवाज ओटीवर माझ्यापर्यंत पोचेल इतका होता, आणि तो पोचावा अशीच तिची इच्छा असावी. मी ओटीवर माशांच्या पेटीसमोर गुडघ्यांवर बसून काचेचा वरचा काठ चाचपत होते. बोट कापलं. मी ते तोंडात घातलं.

ही घाबरगुंडी मीच उडवली होती. माझं सारं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. घरात बोलताना नेमका शब्द वेळेवर सापडत नसे, आणि चुकीचा सापडला की आत्या तो पुढचे चार दिवस आल्यागेल्याला ऐकवी. त्यामुळे मी न बोलण्यात बरीच प्रगती केली होती. त्या सकाळी मात्र बोलणं भाग पडलं. काचेच्या काठाचा नखाएवढा तुकडा उडाला होता. त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत होतं, मराठीत काय म्हणतात ते आठवेना. शेवटी जे सुचलं ते म्हणाले, "आत्या, काच फुटली."

आत्याने पोथी मिटली, साखरेचा डबा वरच्या फळीवर चढवला, पाट उभे केले, देवघराच्या उंबऱ्याला जुनी गोधडी लावली आणि घंगाळ घेऊन ओटीवर धावत आली. पेटी जागच्या जागी होती. पाचही सोनेरी मासे तिच्याकडे बघत तोंडांची उघडझाप करत होते.

"ही फुटलेली?" आत्या म्हणाली. "मग धड असते ती कशी दिसते, बाई?"

टवका पाडला होता वडिलांनी. ते वकील. देवळाली कँपातला एक साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात ते लिहायचं टेबल घ्यायला गेले आणि लोखंडी चौकटीची ही काचेची पेटी, माशांसकट, टांग्यात घालून घेऊन आले. आल्यागेल्याला ती दाखवायची त्यांना फार हौस. सायखेड्याच्या एका पक्षकाराला मासा पाण्यात श्वास कसा घेतो हे समजावताना त्यांनी काठी रोखली आणि तिचं पितळी टोक काचेवर बसलं. "काही झालं नाही," ते म्हणाले, आणि त्याच दिवशी खटल्यासाठी मुंबईला गेले. हरलेल्या खटल्यांनंतरही ते हेच वाक्य म्हणत. आई चांदवडला माझ्या बहिणीच्या बाळंतपणात अडकलेली. म्हणजे घरात राज्य आत्याचं, आणि आत्याला मासे पहिल्या दिवसापासून नको होते.

"गुरुवारी मासे गंगेत सोडायचे," तिने निकाल दिला.

गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. श्रावणातली गंगा तांबडी, फुगलेली, काठावरची झुडपं ओढून नेणारी. आमच्या माशांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एवढंच पोहणं केलेलं. ते तिथे घटकाभरही जगले नसते. आणि मला ते हवे होते. घरात तेवढ्या पाच जणांची मी काही बोलावं अशी अपेक्षा नव्हती.

त्याच सकाळी काकूंकडे देवाच्या तसबिरीला काच बसवायला भद्रकालीकडचे एक म्हातारे चाचा आले होते. काकूंनी त्यांना आमच्याकडे पाठवलं. त्यांनी चष्मा लावला आणि काठावरून अंगठा असा फिरवला, जणू काच दुखत असावी.

"फुटली, असं कोण बोललं?"

आत्याने माझ्याकडे बोट केलं.

"बेटी, हा टवका हाय. दाताचा कोपरा उडाला. दात काय पडला नाय." मग ते वाकले. "पण इथून खाली एक बाल आलाय."

"बाल?" आत्या मागे सरली. "कुणाचा?"

"काचेचा, बाई."

"काचेला केस येतात?"

"उमर झाली की आपले जातात आणि काचेला येतात," चाचा म्हणाले.

टवक्यापासून बोटभर लांबीची एक बारीक रेघ खाली उतरली होती. वाकून, डोळे बारीक करून पाहिलं तरच ती दिसे. चाचांनी कुरुंदाचा दगड पाण्यात भिजवून टवक्याची धार घासली, इतकी की त्यावर बोट फिरवता यावं. मग काचेवरचा भार उतरावा म्हणून मला चार तांबे पाणी काढायला लावलं.

"नवी काच मुंबईहून यायला महिना लागल," ते म्हणाले. "तोवर बालाच्या टोकाला निशाण कर. रोज बघ. तिथंच ऱ्हायला, तर भिऊ नको. निशाणाच्या खाली उतरला, तर त्याच घडीला पेटी रिकामी."

चाचा गेले. मी शाई लावून पाहिली, ती ओघळली. पेन्सिल उठेना. काचेवर टिकेल असं घरात काय आहे, याचा विचार करत मी आरशासमोर उभी राहिले आणि उत्तर माझ्या कपाळावरच होतं. आधी मेणाचा ठिपका, त्यावर कुंकू. बालाच्या टोकाला मोहरीएवढं निशाण केलं. फार नेटकं दिसत होतं.

संध्याकाळी ओटीवर आत्या पोथी वाची, ती ऐकायला गल्लीतल्या सातआठ बायका जमत. त्या दिवशी काकू सर्वांत आधी आल्या, पेटीपाशी थबकल्या आणि चपला बाहेर काढून पुन्हा आत आल्या.

"अगो बाई, कुंकू लावलंत! मत्स्यावतार की हो हा!"

आत्याने पेटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आत्या विधवा, तिच्या हातून कुंकू लागणं शक्य नव्हतं, म्हणजे कुणी लावलं हे तिला कळलंच. मी तोंड उघडलं, पण 'बालाच्या टोकाचं निशाण' हे शब्द जुळवेपर्यंत काकूंनी हात जोडले होते, बाकीच्या बायकांनीही जोडले होते आणि पदरातल्या लाह्या पाण्यात पडल्या होत्या. आत्या क्षणभर घुटमळली. आपल्या ओटीवर विष्णू उतरल्याचं गल्लीने मान्य केलेलं, आणि तेही काकूंच्या घरी न उतरता. ती घसा साफ करून म्हणाली, "हो. आमच्याकडे आहे तसं."

गुरुवार आला. मी घाबरतच विचारलं, "आत्या, गंगेवर..."

"देव कुणी गंगेत सोडतं का?"

"गणपती सोडतात की," काकू म्हणाल्या. त्या हल्ली सकाळीही येत. "यांचं विसर्जन कधी करायचं?"

"हे पाण्यातच आहेत," आत्या म्हणाली. "यांचं झालेलंच आहे."

मासे वाचले, असं मला वाटलं. चारच दिवसांत कळलं, की गंगेत ते एकदम मेले असते, इथे सावकाश मरणार होते. लाह्यांमागून साखरफुटाणे आले. बत्तासे आले, ते विरघळून पाणी चिकट झालं. एकीने तुळस वाहिली, दुसरीने पळीभर दूध. पेटीबरोबर साहेबाचं एक छोटं इंग्रजी पुस्तक आलं होतं. ते घरात मी एकटीनेच वाचलेलं. त्यात लिहिलं होतं, दिवसातून एकदा, चिमूटभर. जास्त घातलं तर पाणी नासतं आणि मासे गुदमरतात. आमचे मासे आता पाण्याच्या वर तोंडं काढून हवा गिळत. ते नमस्कार स्वीकारतात, असं काकूंचं मत पडलं.

त्यात निशाणाचा घोळ. येणारी प्रत्येक सुवासीण त्यावर आपलं बोट टेकवी. मोहरीचा वाटाणा झाला, वाटाण्याचा बंदा रुपया, आणि त्याला खाली ओघळ फुटले. बाल त्या कुंकवाखाली पार गडप झाला. तो तिथेच आहे की तळाला पोचलाय, हे सांगायची सोय उरली नाही. दर संध्याकाळी सातआठ बायका एका तडकू पाहणाऱ्या काचेला भक्तीने बोटं टेकवत होत्या, आणि ती टिकावी म्हणून मी मागे बसून माझ्या बोटांची नखं खात होते.

खरं सांगावं तर आत्याची गल्लीत शोभा, आणि मासे दुसऱ्या दिवशी गंगेत. न सांगावं तर आठवड्याभरात पाच मासे पोट वर करून तरंगणार. मी दोन्ही वाक्यं मनात मराठीतून नीट जुळवून ठेवली होती. पण कुठलंच म्हणवेना.

सातव्या दिवशी एक मासा कलला. दुपारी आत्या आडवी झाल्यावर मी पदर खोचला, विहिरीवरून बादल्या आणल्या, अर्धं पाणी बदललं, तळाच्या कुजक्या लाह्या गाळणीने काढल्या आणि नखाने कुंकू खरवडलं. बाल होता तिथेच होता, केसभरही हलला नव्हता. कललेला मासा थोड्या वेळाने सरळ झाला. मी टोकाला पुन्हा मोहरीएवढं निशाण केलं. इतकी खूश झाले, की गाळणी जागेवर ठेवायची विसरले. त्यावरून आत्याने माझा जो समाचार घेतला तो वेगळाच.

संध्याकाळी काकू वाटीभर शिरा घेऊन आल्या. तुपात न्हालेला, वर केळ्याचे काप. पोथी संपली आणि बायकांचं चातुर्मासाच्या नेमांवर बोलणं सुरू झालं. कुणी वांगं सोडलं होतं, कुणी कांदालसूण. एक जण जेवताना मौन पाळत होती आणि ते सांगायला तिला पाव तास लागला.

"आणि तुमचं, आत्याबाई?"

"माझं एकभुक्त," आत्या म्हणाली. "सकाळी एकदा पान वाढलं की संपलं. मग इंद्र अमृत घेऊन आला तरी हात लावायची नाही."

"बाई, बाई! निभतं कसं?"

"नेम म्हणजे नेम. कुणी आग्रह करून तो मोडायला लावला, तर पाप त्याला."

बायका हळहळल्या. काकू उठल्या. वाटी डाव्या हातात, उजव्या हातात शिऱ्याचा चांगला लिंबाएवढा गोळा. पेटीपाशी जाऊन त्यांनी झाकणाची फळी सरकवली. पाचही मासे वर आले. शिऱ्यातलं तूप काकूंच्या मनगटावरून ओघळून त्या स्वच्छ पाण्यात पडलं आणि त्याचा एक गोल थेंब तरंगू लागला.

मी उभी राहिले. का उभी राहिले हे सगळ्यांना कळेना, मलाही नीट कळलेलं नव्हतं. जुळवून ठेवलेल्या दोन वाक्यांपैकी एकही तोंडाशी येईना.

"काय गं?" आत्याने विचारलं. "काही बोलायचंय?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, मासे काकूंच्या हाताकडे. मी आत्याकडे न बघता एका दमात बोलले:

"काकू, नका घालू. त्यांचंही एकभुक्त आहे, आणि आजचं जेवण त्यांचं सकाळीच झालंय."