हिंदीतली शिक्षा
एकोणीसशे शहाऐंशी साल, मी पन्नाशीचा. फरीदाबादच्या आमच्या कामगार वस्तीत शिक्षा झालेला आमदार अपिलात जामिनावर सुटून आला आणि लोक हार-ढोल घेऊन धावले. हाच माणूस पूर्वी कारखान्याच्या गेटवर मतं मागताना ओरडला होता, "आपके बच्चों को शिक्षा दूँगा!" आमच्या मराठी बायका घाबरल्याच, पोरांनी काय गुन्हा केला म्हणून. मीच हसून सांगितलं, अगं, हिंदीत शिक्षा म्हणजे शाळा. जिंकला तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन नाचलोही मीच. शाळेच्या जागेवर त्याच्या नावाची कोनशिला बसली, पुढे एक वीट आली नाही. पैसे त्याने खाल्ले. कोर्टाने त्याला आमच्या भाषेतली शिक्षा दिली खरी, पण तोवर माझी थोरली सहीसुद्धा न शिकता सासरी गेली होती. आणि आता आमच्या वस्तीतल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी मला म्हणतो, "काका, चलो, उचला साहेबांना. तुमचा खांदा लकी आहे." मी सगळ्यांदेखत म्हटलं, "खांदा देईन की! आधी त्याला आडवा तर होऊ दे." ढोल थांबला. "काय बोलता यार, काका!" सेक्रेटरी पुटपुटला. आमदार मात्र हात जोडून हसला, मतं मागताना हसायचा तसाच. त्या हसण्याने माझ्या अंगाची लाही झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेऊन गेलो, ती कोनशिला उपटली, हातगाडीवर घालून घरी आणली आणि त्याचं नाव वर येईल अशी नळाखाली टाकली. बायकोला म्हटलं, "आजपासून धुणं यावर आपट."